मासा कोरडा, आंबा ओला

एप्रिल उलटला की कोकणातल्या घरात दोन वास हमखास असतात. माजघरात पेंढ्यात घातलेल्या आंब्यांचा, आणि स्वयंपाकघरात तव्यावरच्या माशाचा. दोघांचा हंगाम एकच, पण ताटात त्यांची गाठ फारशी पडत नाही. मासा भाताबरोबर संपतो, आंबा नंतर येतो. कैरीला मात्र आपण माशापासून कधी लांब ठेवलेलं नाही. कोळंबीच्या कालवणात कैरीच्या फोडी, बांगड्याला कोकम, गोव्याकडे आंबाडे आणि बिमली. आंबट फळ आणि मासा ही जोडी या किनाऱ्याला चांगली ठाऊक आहे. तीच जोडी इथे थोड्या वेगळ्या रीतीने लावायची आहे. फळ शिजवायचं नाही, कच्चंच चिरायचं. आणि मासा कालवणात न सोडता तव्यावर खरपूस करायचा.

चिरलेल्या कच्च्या फळाच्या या प्रकाराला सालसा म्हणतात. शब्द स्पॅनिश, पदार्थ मेक्सिकोचा. तुम्ही त्याला कोशिंबीर म्हणालात तरी माझी हरकत नाही, फक्त तिच्यात दही नको, दाण्याचं कूट नको आणि फोडणीही नको. हा प्रकार परका वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, की आपली मिरची, पेरू, पपई आणि अननस ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली. ‘अननस’ हा शब्दही त्यांच्यासोबतच उतरला. आंब्याचा प्रवास उलट दिशेने झाला. फिलिपीन्समधलं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्या वाटेने आंबा मेक्सिकोला पोचला आणि तिथल्या एका जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. मिरची आणि आंबा एका वाटीत आले की ती वाटी तिकडची की इकडची, हा प्रश्न मला पडत नाही.

पदार्थ सोपा आहे, तरी तो बिघडतो. मासा ताजा असतो, आंबा गोड असतो, आणि तरीही ताटात मऊ पडलेला, पाणी सुटलेला गोळा येतो. कारण जवळजवळ दर वेळी एकच असतं. ओलं आणि कोरडं वेळेआधी भेटलेलं असतं. मासा तव्यावर जाताना जितका कोरडा ठेवाल तितकं चांगलं, फळ रसाळच हवं, आणि दोघांची भेट ताटात व्हायला हवी, त्याआधी एक मिनिटही नाही. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

कोणता मासा

पांढरा मासा म्हणजे ज्याचं मांस पांढरं, चव सौम्य आणि तेल कमी. बांगडा किंवा तारली इथे चालणार नाही. सतत पोहणाऱ्या अशा माशांचं मांस गडद आणि तेलकट असतं, त्यांची चव फळाला दाबून टाकते. त्यांना तिरफळ आणि लाल मिरचीच शोभते. सुरमईबद्दल मतभेद होतील, पण माझ्या मते सुरमईची तुकडी मसाल्याची मागणी करते, आंब्याची नाही.

माझी पहिली पसंती रावस. काप जाड निघतो, काटे कमी, साल खरपूस होते आणि चव इतकी शांत की फळाला बोलायला जागा मिळते. जिताडा त्याच्या पाठोपाठ. रायगडच्या खाड्यांतला जिताडा मिळाला तर रावसही विसराल, पण तो मिळणं हे नशिबाचं काम. तांबोशी चांगली. मुडदुशी नाजूक, ती अख्खीच तळावी, काप काढण्याच्या फंदात पडू नये. पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच्या चवीबद्दल मी वेगळं काय सांगणार! फक्त त्याचा काप पातळ निघतो, त्यामुळे तव्यावर नजर अधिक लागते. आणि एक विनंती, अगदी मनापासून. तळहातात मावतील एवढाली पापलेटं ढिगाने विकायला बसतात, स्वस्तही पडतात, ती घेऊ नका. एकदाही अंडी न घातलेला मासा आपण कढईत टाकत राहिलो तर पुढच्या पिढीला पापलेट चित्रात दाखवावं लागेल.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी मन खट्टू करू नये. विदर्भ-मराठवाड्यातला मरळ पांढरा, घट्ट आणि कमी काट्यांचा असतो, या पदार्थाला तो छान जमतो. उजनीच्या काठची चिलापीही चालते. रोहू आणि कटला मात्र टाळा. त्यांच्या मांसात सुटे बारीक काटे असतात, आणि आंब्याच्या फोडीसोबत काटा लागला तर घास अडतो. फ्रीजरमधला बासा सगळीकडे मिळतो. तो मऊ आणि पाणीदार असतो, त्याला पुढे सांगितलेली कोरडं करण्याची क्रिया दुप्पट निष्ठेने करावी लागेल. परदेशात राहणाऱ्यांना कॉड, हॅडॉक, हॅलिबट यांतलं काहीही घेता येईल. कॉडच्या पाकळ्या पटकन सुटतात, त्यामुळे उलटताना रुंद कालथा लागेल.

गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्या. गरम पाण्याखाली धरू नका. गोठताना आतल्या बर्फाच्या कणांनी मांसाच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात, घाई केली की उरलंसुरलं पाणीही वाहून जातं आणि मासा चोथ्यासारखा लागतो.

ताज्या माशाच्या खुणा बहुतेकांना माहीत असतात. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा न राहता मांस वर येणं. पापलेटासाठी जाणत्या बायकांची खूण वेगळी आहे. कल्ल्याजवळ दाबायचं, पांढरट पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर हात मागे घ्यायचा. मी सगळ्यात जास्त भरवसा वासावर ठेवते. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, माशाचा नव्हे.

बाजारात आपण सवयीने तुकड्या मागतो. इथे तुकड्या नकोत. त्यात मधला काटा राहतो, साल फक्त कडेला येते आणि तव्याला टेकायला सपाट बाजू मिळत नाही. सरळ सांगावं, “मावशी, तुकड्या नको, मधल्या काट्यावरून दोन्ही बाजू सलग काढून द्या. खवले काढा, साल ठेवा.” पहिल्यांदा भुवई उंचावेल, पण हातात कोयता घेऊन बसलेल्या बाईला हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं येतं. डोकं आणि काटा सोडून येऊ नका, त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. सलग काप काढले की माशाचं साधारण निम्मं वजन डोक्यात, काट्यात आणि शेपटीत जातं. चार माणसांना सहाशे ग्रॅम काप हवे असतील तर सव्वा ते दीड किलोचा मासा घ्यावा लागेल.

घरी आल्यावर कापावरून उलटसुलट बोट फिरवा. काटा टोचला की भुवयांच्या चिमट्याने, तो ज्या बाजूला कललेला आहे त्याच बाजूला ओढून काढा. उभा ओढलात तर मांस फाटतं. मग कापाचे तळहाताएवढे भाग करा.

आंबट आधी लावू नका

माझ्या या सांगण्याला घरोघरी विरोध होईल, आमच्याही घरात झाला. मासा आला की धुऊन त्याला हळद, मीठ आणि आगळ किंवा लिंबू चोळून ठेवायचं, ही आईची, आजीची रीत. ती रीत चुकीची नाही, तिला कारण आहे. माशाचा उग्र वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आंबट पदार्थ मारतो. शीतपेट्या नव्हत्या तेव्हा याला फार किंमत होती, आणि कालवणासाठी आजही आहे.

तव्यासाठी मात्र आंबट हे ओझं ठरतं. लिंबाचा रस लागला की माशाचं वरचं मांस घट्ट होऊ लागतं, पांढरं पडतं आणि आतलं पाणी बाहेर टाकू लागतं. पेरू देशात लिंबाच्या रसात कच्चा मासा मुरवून ‘सेविचे’ करतात, तिथे हाच गुण कामाला येतो. आपल्याला त्याच्या उलट हवंय. तवा तापलेला, मासा ओला, अशा वेळी सगळी आच आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. पाणी उकळतं १०० अंशांवर, आणि मासा सोनेरी व्हायला पृष्ठभागाला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. पाणी आहे तोवर ते घडत नाही. मासा वाफेवर शिजतो, फिकट राहतो आणि तव्याला चिकटतो. तुमचं आंबट फळाच्या वाटीत येणारच आहे. माशाला ते दोनदा लावायची गरज नाही. मासा ताजा असेल तर वासाचा प्रश्नच येत नाही, आणि लिंबू लावल्याशिवाय मन मानत नसेल तर लिंबूपाण्यातून एकदा काढा आणि लगेच पुसा.

मीठ मात्र आधी लावायचं. सहाशे ग्रॅम कापांना पाऊण चहाचा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी भुरभुरा आणि ताटलीत पसरून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. वर पाण्याचे थेंब जमतील. मीठ वरच्या थरातलं पाणी ओढून आणतं आणि मांसाला थोडा घट्टपणाही देतं. आता जुन्या मऊ सुती फडक्याने, न चोळता, दाबून दाबून टिपून घ्या. सालीची बाजू जरा जास्त. हात फिरवल्यावर साल ओलसर लागली तर दुसरं कोरडं फडकं घ्या. वेळ असेल तर सालीची बाजू वर करून झाकण न ठेवता आणखी अर्धा तास फ्रीजमध्ये राहू द्या. फ्रीजमधली कोरडी हवा हे काम फडक्यापेक्षाही चांगलं करते. साल कागदासारखी वाटायला लागते, आणि ती तशी वाटली की निम्मा पदार्थ जमला असं मी समजते.

आलं-लसणाचं वाटण इथे नको. ते ओलं असतं आणि मासा होण्याआधी करपतं. दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा चहाचा चमचा बेडगी मिरचीची पूड, पाव चमचा हळद, एवढं कोरडं मिसळून घ्या. रवा मला आवडतो, पण त्याचा जाड थर तेल पितो आणि नाजूक कापावर चिलखतासारखा बसतो. तांदळाच्या पिठाचा पातळ थर कुरकुरीत होतो आणि माशाची चव झाकत नाही. पीठ लावायचं ते तवा तापल्यावर, तव्यात सोडायच्या क्षणी. लावून ठेवलं तर ते पाणी शोषून चिखल होतं. लावून झालं की काप हलकेच झटका, जास्तीचं पीठ पडू द्या.

तव्यापाशी

बिडाचा तवा असेल तर तोच काढा. जड असल्याने मासा पडला तरी त्याची उष्णता एकदम उतरत नाही. लोखंडी किंवा जाड बुडाचा स्टीलचा पॅनही चालतो. नॉनस्टिकवर मासा चिकटण्याची भीती नसते, पण तो रिकामा कडक तापवायचा नसतो, त्यामुळे साल थोडी कमी खरपूस होते. नवशिक्यांनी तरीही नॉनस्टिकपासून सुरुवात करावी, काही बिघडत नाही.

बिडाचा तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला आणि तो सरसर न उडता मोत्यासारखा पळायला लागला, की तवा तयार. पाणी पूर्ण उडू द्या आणि मग दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घाला. लोणी सुरुवातीला नको, त्यातले दुधाचे कण चटकन जळतात. चव हवीच असेल तर शेवटच्या मिनिटात अर्धा चमचा साजूक तूप सोडा. तेल पातळ होऊन तव्यावर चमकत सरकू लागलं की काप सालीच्या बाजूने, आपल्यापासून दूरच्या दिशेला, अलगद टेकवा. साल आकसते आणि काप कमानीसारखा वळतो, म्हणून पहिली वीस-तीस सेकंद कालथ्याने हलका दाब द्या. सालीचा प्रत्येक भाग तव्याला लागला पाहिजे.

मग हात मागे घ्या. सगळ्यात अवघड काम हेच आहे. मासा तव्याला धरतो, कारण कच्च्या माशातली प्रथिनं तापलेल्या धातूला चिकटतात. पण साल सुकून खरपूस झाली की ती पकड आपोआप सुटते. दर अर्ध्या मिनिटाने कालथा खाली सरकवून पाहणाऱ्याच्या हाती साल तव्यावर आणि मांस कालथ्यावर असं येतं. तवा थोडा हलवून पाहा. काप स्वतःहून सरकला तर तो उलटायला तयार आहे, नाही सरकला तर अजून वेळ आहे. एका वेळी दोन किंवा तीन कापच घ्या, मध्ये बोटभर अंतर ठेवून. गर्दी झाली की तवा गार पडतो आणि कापांच्या मधून वाफ निघू लागते. आवाजाकडे लक्ष द्या. चुरचुर सतत आणि कोरडी हवी. ती मंदावून रटरट ऐकू आली तर आच वाढवायची वेळ झाली.

मासा बहुतांशी सालीच्या बाजूनेच शिजवायचा असतो. कडेकडून बघितलं तर काचेसारखं दिसणारं मांस खालून वर पांढरं होत जाताना दिसतं. ती पांढरी रेघ तीन चतुर्थांश वर चढली की उलटा. दोन सेंटिमीटर जाडीच्या रावसाला सालीकडून चार ते पाच मिनिटं आणि दुसरीकडून एक ते दीड मिनिट पुरतं. पापलेटाच्या सेंटिमीटरभर जाडीच्या कापाला पहिल्या बाजूने अडीच-तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने जेमतेम अर्धं-पाऊण. सगळ्यात जाड जागी सुरीचं टोक घालून हळूच उघडा. पाकळ्या सुटत असतील आणि मध्यावर काचेची शेवटची छटा जात असेल, तर उतरवा. उतरवल्यावरही मासा आतल्या उष्णतेने थोडा शिजत राहतो. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मध्यभागी ६० अंश दिसले की पुरे. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस जेवायला असेल तर ६३ पर्यंत जाऊ द्या.

आपल्याकडे मासा बहुतेक वेळा जास्त तळला जातो. ‘कच्चा राहिला तर’ ही भीती इतकी खोल आहे, की आणखी पाच मिनिटं तव्यावर राहिल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. माशाच्या मांसात प्राण्यांच्या मांसासारखे जाड, चिवट धागे नसतात. त्याच्या पाकळ्यांना धरून ठेवणारा पडदा थोड्या आचेवरच विरघळतो, म्हणून तर त्या सुटतात. त्यापुढचं प्रत्येक मिनिट मासा फक्त सुकवतं. कापातून पांढरे दाट थेंब बाहेर येताना दिसले तर वेळ टळून गेली असं समजा.

तयार काप जाळीवर ठेवा, साल वर करून. कागदावर ठेवले तर खालची बाजू घामेजते. आणि वर ताट झाकू नका. पाहुणे येईपर्यंत गरम राहावं म्हणून आपण प्रेमाने झाकतो, आणि दोन मिनिटांत वाफेने सगळा कुरकुरीतपणा जातो. पाहुण्यांना आधी बसवा, मग मासा तव्यात सोडा.

फळाची वाटी

पिकून मऊ झालेला हापूस कापायला घेऊ नका. तो खाण्यासाठी आहे, फोडींसाठी नाही. मीठ लागलं की त्याचा गर होतो. पायरी तर रसाचाच आंबा. हवा आहे तो पाडाचा आंबा. बाहेरून पिवळेपणा धरू लागलेला, आतून केशरी झालेला, पण सुरीखाली करकर आवाज करणारा. हापूस, केसर, तोतापुरी यांपैकी कुठलाही त्या टप्प्यावर चालतो. रायवळ आंबे फोडींना धागेदार, पण एखादा कोवळा रायवळ आंबटपणासाठी उत्तम.

चार माणसांसाठी सेंटिमीटरभर फोडी करून दीड वाटी पाडाचा आंबा. त्याच्या जोडीला दोन मोठे चमचे कैरी, अगदी बारीक चिरून. गोड आंबा एकटा असला की घास मिठाईकडे झुकतो, कैरी त्याला जागेवर आणते. पाव वाटी बारीक चिरलेला पांढरा कांदा. आंब्याच्या दिवसांत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळाही रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात, भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर आणि कमी तिखट असतो. तो नसेल तर साधा कांदा चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि पिळून घ्या, उग्रपणा उतरतो. एक हिरवी मिरची, बिया काढून. मूठभर कोथिंबीर, कोवळ्या देठांसकट, कारण वास देठांत असतो. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि मीठ.

सगळं चिरून वेगवेगळं ठेवता येतं, दोन-तीन तास आधीसुद्धा. मीठ आणि लिंबू मात्र मासा तव्यात सोडताना घाला. मीठ फळातलं पाणी ओढतं, जसं त्याने माशातलं ओढलं. दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी जो रस जमतो तो चविष्ट असतो, तासाभरात मात्र फोडी पोहायला लागतात. मिसळल्यावर चाखा. एकटं खाताना ते थोडं जास्त आंबट आणि जास्त तिखट लागलं पाहिजे. माशाबरोबर आल्यावर ते बरोबर होतं.

कोकणातली एक रीत मी यात हक्काने आणते. आंब्याच्या रायत्याला मोहरी फेसून लावतात, गोव्याकडे त्याच्याच नात्यातलं सासव करतात. अर्धा चहाचा चमचा मोहरी चिमूटभर मीठ आणि गार पाण्याचे दोन-चार थेंब घालून खलबत्त्यात फेसून घ्या आणि जिऱ्याऐवजी आंब्यात मिसळा. मोहरीचा झणका कुटल्यावर आणि पाणी लागल्यावर येतो, उष्णतेने तो मरतो. कच्च्या फळात तो जसाच्या तसा राहतो आणि नाकापर्यंत पोचतो. माझ्या ताटात आता जिऱ्यापेक्षा ही मोहरीच जास्त वेळा असते. दही घालायचा मोह होईल, तो आवरा. मासा आणि दूधदुभतं एकत्र न खाण्याचा नियम अनेक घरांत आहेच, आणि शिवाय दही सगळ्या चवींवर पांढरी चादर घालतं.

आंबा संपल्यावर काय? जूनपासून पावसाळ्यासाठी यांत्रिक नौका बंदरात विसावतात. माशांच्या विणीचा तो काळ, तेव्हा ताज्या समुद्री माशाचा हट्ट सोडलेला बरा. नारळी पौर्णिमेनंतर नौका निघतात तोवर आंबा गेलेला असतो आणि अननस आलेला असतो. अननसाबद्दल एक सावधगिरी. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, खूप खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती त्याच्यामुळेच. असा अननस माशावर घालून ठेवलात तर मासा पिठूळ होतो. कच्च्या पपईचाही तोच गुण, म्हणून तर मटण मऊ करायला ती लावतात. त्यामुळे अननस शेजारीच वाढायचा. किंवा त्याचे जाड काप त्याच तव्यावर आधी कोरडे भाजून घ्या. उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं, कडा खमंग होतात आणि गोडी वाढते. भाजलेल्या अननसाला लाल मिरचीची भरड हिरवीपेक्षा चांगली लागते.

हिवाळ्यात पेरू घ्या, बियांचा गाभा काढून. त्याला आंबट कमी असतं, म्हणून लिंबू सढळ हाताने. थोडे डाळिंबाचे दाणे टाकले तर दाताखाली पाणी फुटतं आणि रंगही येतो. संत्र्याच्या फोडी पडदा सोलून घेतल्या तर छान, पण त्या फुटतात, म्हणून सगळ्यात शेवटी आणि हाताने मिसळायच्या. मे महिन्यात कोकणात असाल तर पिकलेली करवंदं अर्धी करून आंब्यात टाका. आणि जाम, तो पांढरा-गुलाबी, पाण्याने भरलेला, कुणी फारसा न विचारणारा जाम, कुरकुरीतपणासाठी त्याच्यासारखं दुसरं फळ नाही. कलिंगड करून पाहिलं, नाही जमलं. सगळं पाणीच.

वाढताना

माशावर सालसा ओतलेली छायाचित्रं सगळीकडे दिसतात. तसं करू नका. एवढा वेळ जी साल कोरडी ठेवली ती ताटात भिजवायची कशासाठी? काप साल वर करून ठेवा, शेजारी झाऱ्याने निथळून फळ ठेवा, तळाचा रस छोट्या वाटीत वेगळा द्या. जेवणाऱ्याने एका घासाला माशाची पाकळी आणि फळाची फोड एकत्र घ्यावी. सोबत तांदळाची गरम भाकरी किंवा साधं वरण-भात. सोलकढी या ताटाबरोबर मी देत नाही. आंबटावर आंबट होतं. ती जेवण झाल्यावर हवी तर घ्यावी.

उरलेलं फळ दुसऱ्या दिवशी पाणावतं. ते गाळून रस वेगळा काढा आणि फोडी पोह्यांवर घाला. आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं डोकं आणि काटा बाहेर काढा. खोबऱ्याचं वाटण, तिरफळं, हळद, मिरची, आणि आंबटासाठी काल चिरलेल्या कैरीची कोय. ती फेकली नसेल तर थेट कालवणात टाका, गर काढला तरी तिला चिकटलेलं आंबट बराच वेळ सुटत राहतं. इथे ओलं आणि कोरडं असा भेद नाही, सगळं एकत्र उकळू द्या.